गगनबावड्याचा पाऊस आणि सरकारची फूटपट्टी

जुलै महिन्यात कोल्हापुरातले कुठलेही वर्तमानपत्र उघडले, तर पावसाच्या बातमीत एक ओळ ठरलेली असते: गेल्या चोवीस तासांत सर्वाधिक पाऊस गगनबावडा तालुक्यात. पुढे मिलिमीटरचा आकडा. वाचणाऱ्याची नजर तिथे फार थांबत नाही. ती लगेच राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे जाते, मग राधानगरीचे किती दरवाजे उघडले इकडे, मग जिल्ह्यातले किती बंधारे पाण्याखाली गेले इकडे. वर एवढा कोसळलाय म्हणजे उद्या पंचगंगा चढणार, एवढाच त्या आकड्याचा उपयोग. गगनबावडा हा साऱ्या जिल्ह्याचा पर्जन्यमापक झाला आहे. तिथे राहणाऱ्या पस्तीस-छत्तीस हजार माणसांची ती रात्र कशी गेली, हे घाटात दरड आल्याशिवाय बातमीत येत नाही.

आपत्तीच्या काळात सरकारवरचा राग बहुधा एका वाक्यात बाहेर पडतो: यंत्रणा झोपली होती. हे वाक्य मला अपुरे वाटते. गगनबावड्याच्या बाबतीत यंत्रणा जागीच असते. ती मोजत असते, कळवत असते, नोंदवत असते, प्रस्ताव पाठवत असते. अडचण अशी की ती ज्या फूटपट्टीने मोजते, ती दुसऱ्याच गावांच्या मापाने कापलेली आहे. घाटमाथ्यावर एका रात्रीत पडलेल्या पावसाचा माग ढगापासून बँक खात्यापर्यंत काढला, तर ही फूटपट्टी कुठे कुठे तोकडी पडते ते दिसते.

कोल्हापूरहून पश्चिमेला साधारण पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा. गावाच्या पलीकडे सह्याद्रीचा कडा तुटतो, आणि करूळ व भुईबावडा हे दोन घाट खाली वैभववाडीकडे, म्हणजे सिंधुदुर्गात उतरतात. अरबी समुद्रावरून येणारे ढग या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये त्याच्या निम्मा. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत, शंभरेक किलोमीटरच्या आत, पावसाचे प्रमाण दहापट बदलते. सारी गुंतागुंत इथूनच सुरू होते, कारण सरकारचे निकष जिल्ह्यागणिक तर सोडाच, राज्यागणिकही क्वचितच बदलतात.

एक हिशेब करून पाहू. तालुक्याचे क्षेत्र सुमारे २८० चौरस किलोमीटर. एका दिवसात सगळीकडे २०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत असे दिवस येतात, तर ते पाणी होते साडेपाच कोटी घनमीटरहून अधिक. धरणांच्या भाषेत जवळजवळ दोन टीएमसी. तालुक्यात लखमापूरला कुंभी नदीवर जे मध्यम प्रकल्पाचे धरण आहे, त्याची पूर्ण क्षमता पावणेतीन टीएमसीच्या आत. अर्थात सगळा पाऊस काही धरणाच्या मागे पडत नाही. बराचसा धरणाच्या खाली, ओढ्यांमधून थेट कुंभीत उतरतो. त्या पाण्याला ना दरवाजा, ना भिंत, ना विसर्गाचे वेळापत्रक. ‘धरणातून पाणी सोडले म्हणून पूर आला’ हे वाक्य दर पुरात ऐकू येते, पण धरणाच्या खाली पडलेल्या या पाण्याचे नाव कोणी घेत नाही.

आता इशारा. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार पाऊस. त्यानुसार पिवळा, नारंगी, लाल असे रंग ठरतात. पूर्वी हा रंग साऱ्या जिल्ह्याला एकच असे. हल्ली कोल्हापूरचा घाटमाथा वेगळा धरला जातो, ही सुधारणा खरी. पण घाटमाथ्यावर जून अखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत नारंगी रंग इतक्यांदा लागतो की त्याचे काही वाटेनासे होते. शिरोळला नारंगी इशारा म्हणजे घटना. गगनबावड्याला तो नेहमीचा बुधवार. इथल्या माणसाला पाऊस जोरात पडणार हे सांगून उपयोग नाही, ते त्याला आभाळ सांगते. त्याला हवे आहे ते असे: आज रात्री कुंभी मांडुकली गावाजवळच्या रस्त्यावर येईल का, आणि आली तर कधी? आपल्या वाडीच्या वरचा डोंगर किती पाणी प्यायला आहे? या प्रश्नांचे उत्तर देणारा इशारा निघत नाही.

तो निघू शकतो का? बऱ्याच अंशी निघू शकतो. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांच्या पातळीवर बसलेली आहेत. पाटबंधारे खात्याचे स्वतःचे पर्जन्यमापक आणि नदीपातळी मोजणारी उपकरणे आहेत. म्हणजे आकडे आहेत. पण ते सगळे उताराच्या दिशेने वाहतात: गगनबावड्याहून कोल्हापूरकडे, तिथून सांगलीकडे, पुढे कर्नाटकाकडे. उगमाजवळच्या गावांसाठी त्यांतून पूर्वसूचना काढायची कोणाचीच नेमकी जबाबदारी नाही.

खालच्या बाजूची व्यवस्था बघितली की फरक ठळक होतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, संगम प्रयाग चिखलीला. पुढे कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पाणी ३९ ला टेकले की महापालिका, पोलीस, तहसीलदार, सगळे कामाला लागतात. चिखली, आंबेवाडीची माणसे आणि जनावरे सोनतळीकडे निघतात. पूर आधी कुठल्या गल्लीत शिरतो हे कोल्हापूरकरांना फुटाफुटाने पाठ असते. जुन्या पुलांवर तर याहून साधी खूण आहे: दगडात कोरलेल्या माशाला पाणी लागले की ‘मच्छिंद्री झाली’ म्हणायचे आणि पूल बंद. एक आकडा किंवा एक खूण, आणि तिला बांधलेली कृती. चांगला इशारा असाच असतो. मांडुकली, खोकुर्ले, असळज या गावांसाठी साऱ्या जिल्ह्याला ठाऊक असलेला असा आकडा नाही.

राधानगरीचा उल्लेख टाळता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काम सुरू केलेले हे भोगावतीवरचे धरण, स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये पुरे झाले. क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित. पाणी ठरावीक उंचीला आले की ते आपोआप उघडतात, ओसरले की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. सातही उघडले आणि वीजगृहाचे पाणी धरले की साडेअकरा हजार क्युसेकच्या जवळ. एवढे पाणी दिवसभर वाहिले तर होते जवळपास एक टीएमसी. अभियांत्रिकी म्हणून हे दरवाजे थक्क करतात. वीज गेली, रस्ता तुटला, कोणी पोचू शकले नाही, तरी धरण सुरक्षित राहते. पण पूर नियंत्रणासाठी हवी असते उलट गोष्ट. मोठा पाऊस येण्याच्या दोन दिवस आधी धरणात जागा करून ठेवायची. स्वयंचलित दरवाजा पाण्याचे ऐकतो, हवामान विभागाचे ऐकत नाही.

आणि जागा करायची म्हटली तरी निर्णय सोपा नसतो. प्रत्येक धरणाला जलाशय परिचालनाचे वेळापत्रक असते, कुठल्या तारखेला किती भरलेले असावे याचे. धरण रिकामे ठेवले आणि ऑगस्टमध्ये पावसाने पाठ फिरवली, तर मे महिन्यात उसाला आणि शहराला पाणी कुठून द्यायचे? २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मुख्य दोष अतिवृष्टीवर आणि नदीपात्रातल्या अडथळ्यांवर ठेवला. कर्नाटकातल्या अलमट्टीला तिने मुख्य कारण मानले नाही. त्यावर आजही वाद आहे. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या हालचालींमुळे तो दर उन्हाळ्यात पेटतो. वाद महत्त्वाचा आहेच, पण त्याचा एक दुष्परिणाम बोलायला हवा: पुराची सगळी चर्चा शिरोळ, सांगली आणि अलमट्टीच्या पट्ट्यात अडकते. अलमट्टीचे पाणी गगनबावड्यापर्यंत कधीच चढत नाही. मग पूर नियंत्रणाच्या मोठ्या बैठकांत या तालुक्याची बाजू मांडायला राहते कोण?

आता रस्ता. लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कोल्हापूर–गगनबावडा–तळेरे हा राष्ट्रीय महामार्ग १६६ जी. कोल्हापूर सोडले की बालिंग्याला भोगावतीचा पूल लागतो. पुढे कळे, मग कुंभीच्या काठाकाठाने साळवणच्या दिशेने. जोराचा पाऊस झाला की पहिली बातमी येते मांडुकलीची: रस्त्यावर पाणी, वाहतूक बंद. किरवे, लोंघे, खोकुर्ले, असळज या नावांचीही त्यात पाळी लागते. पाणी वाढले तर बालिंग्याचा पूल बंद होतो. त्याच वेळी पश्चिमेला करूळ किंवा भुईबावडा घाटात दरड आलेली असते. म्हणजे पूर्वेला पाणी, पश्चिमेला दरड, आणि मधे तालुका. आडवाटा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून जातात, आणि बंधारे तर आधीच बुडालेले. २०१९ आणि २०२१ मध्ये, राजारामची पातळी धोक्याच्या रेषेच्या दहा फुटांहून अधिक वर गेली तेव्हा, हेच झाले. २०२४ च्या जुलैतही मांडुकलीने रस्ता अडवलाच. त्या पावसाळ्यात करूळ घाट काँक्रीटीकरणासाठी बंद होता. एक दार आपणच दुरुस्तीला काढले होते आणि दुसरे नदीने लावले.

आता मदतीची साधने कुठे असतात ते पाहा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. पावसाळ्यात तिची तुकडी कोल्हापुरात आणून ठेवतात, हे शहाणपण २०१९ च्या अनुभवातून पक्के झाले. राज्य आपत्ती प्रतिसाद दल धुळ्याला आणि नागपूरला. रबरी बोटी, ‘आपदा मित्र’ म्हणून प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक, ‘व्हाइट आर्मी’सारख्या संस्था, यांचा मोठा भर शहराभोवती आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत. ते स्वाभाविक आहे, बुडणारी वस्ती तिथे जास्त आहे. पण गगनबावड्याची मदत ज्या रस्त्याने यायची तोच रस्ता सर्वांत आधी बंद होतो, हे पन्नास वर्षांचे ज्ञान आहे. तरीही ‘आवश्यकतेनुसार पथक रवाना करण्यात येईल’ हे वाक्य आराखड्यात बिनदिक्कत छापले जाते. कुठल्या वाटेने, हे त्यात नसते.

बोटीचा विषय निघाला म्हणून २०१९ च्या ८ ऑगस्टची आठवण. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात माणसे बाहेर काढताना बोट उलटली, आणि डझनाहून अधिक माणसे, बहुतांश बायका-मुले, बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. इशारा पोचला होता, पाणी दिसत होते, गावाला निघायचेही होते. पुरेशा बोटी आणि चालवणारी तयार माणसे नव्हती. अशी तयारी आधीच असली तर काय होते ते ओडिशात दिसले. तिथे १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ चक्रीवादळ आले तेव्हा तिथे दहा लाखांच्या घरात लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. मधल्या चौदा वर्षांत फक्त उपग्रह सुधारले नव्हते. गावातच पक्के निवारे उभे राहिले, कोणी कोणाला घेऊन कुठे जायचे हे ठरले, आणि त्याची तालीम होऊ लागली. मदत बाहेरून येणार नाही असे धरून केलेली ती तयारी होती. गगनबावड्याला तसेच धरून चालावे लागेल.

आणखी एक दुवा असा की तो तुटल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही: वीज. झाड पडले, तारा तुटल्या की काही तासांत मोबाइलच्या टॉवरची बॅटरी संपते. डिझेल आणणारी गाडी मांडुकलीच्या पलीकडे. मग १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक लागत नाही, ‘सचेत’ अ‍ॅपवर काही येत नाही, आणि सगळी पूर्वसूचना कोल्हापूरच्या संगणकावर व्यवस्थित दिसत राहते.

पाऊस ओसरतो. रस्ता उघडतो. आता पंचनामे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या डिसेंबरमधला. त्याखाली राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यातले ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. या निधीतून कशाला किती द्यायचे हे केंद्राच्या निकषांत लिहिलेले असते. इथे दिलेले निकष २०२२ ते २०२६ या काळासाठीचे. आणि तिथेच आपली फूटपट्टी आहे.

पहिले माप ६५ मिलिमीटरचे. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत त्याहून जास्त पाऊस झाला की राज्य ती अतिवृष्टी धरते. मराठवाड्यातल्या मंडळात ६५ मिलिमीटर म्हणजे वर्षाच्या पावसाचा दहावा हिस्सा एका दिवसात, म्हणजे खरोखर संकट. गगनबावड्यात जुलैचा साधा दिवस. इथे हे माप दर आठवड्याला ओलांडले जाते, म्हणून ते काहीच सांगत नाही. दुसरे माप २०२३ मध्ये आले, ‘सततचा पाऊस’. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर, आणि तोही त्या काळातल्या मागच्या दहा वर्षांच्या सरासरीच्या किमान दीडपट. कोरड्या भागासाठी हे माप न्याय्य आहे. इथे पहिली अट जूनपासूनच पुरी झालेली असते, आणि सरासरीच एवढी दांडगी की तिची दीडपट गाठायला आभाळ फाटावे लागेल. म्हणजे एक माप फार सैल आणि दुसरे फार घट्ट.

तिसरे माप घरात पाणी शिरल्याचे. कपडे आणि भांडीकुंडी यांसाठी केंद्राचा निकष घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिले तर लागू होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच धर्तीवर, क्षेत्र दोन दिवसांहून जास्त बुडालेले असेल तर कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ, असा शासन निर्णय निघाला, आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. पुढे रोख मदत ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार अशी वाढवली गेली. पण दोन दिवसांच्या अटीमागचे चित्र लक्षात घ्या: सपाट काळी जमीन, तुंबलेली नदी, आठवडाभर न हलणारे पाणी. कुंभीच्या वरच्या खोऱ्यात पाणी असे वागत नाही. रात्री दोनला चढते, सकाळी दहाला उतरते, आणि जाताना गोठ्याची भिंत, खाचराचा बांध, कणग्यांतले धान्य घेऊन जाते. आठ तासांत झालेले नुकसान दोन दिवसांच्या अटीत कसे बसवायचे, हा तलाठ्यापुढचा प्रश्न असतो. कनवाळू तलाठी तो आपल्या पद्धतीने सोडवतो, नियमावर बोट ठेवणारा सोडवत नाही. गावाची मदत माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहावी, ही काही व्यवस्था नव्हे.

घरांचे तसेच. पक्के घर पूर्ण पडले तर मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. गोठ्याला ३,०००. चार महिने भिजलेली मातीची भिंत मात्र बहुधा पावसाच्या ऐन रात्री पडत नाही. ती सप्टेंबरात ऊन पडल्यावर, सुकताना फुटते. तोवर पंचनाम्यांची मुदत उलटलेली असते.

आता शेती. किमान ३३ टक्के नुकसान हवे. जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिकला २२,५००, मर्यादा दोन हेक्टर. पावसावरचे भात कागदावर जिरायत. हेक्टरी ८,५०० म्हणजे गुंठ्याला पंच्याऐंशी रुपये. या तालुक्यात शेत मोजतात ते गुंठ्यांत. वीस गुंठे भात वाहून गेले तर सतराशे रुपये. उसाचे गुंठ्याला एकशे सत्तर. ‘गुंठ्याला टन’ हा कोल्हापूरचा हिशेब या पावसात गाठणे अवघड. अर्धा टन धरला आणि टनाला तीन हजार धरले, तरी दीड हजारांच्या उत्पन्नापुढे एकशे सत्तर. अधिकाऱ्याला विचारले तर तो खरेच सांगतो: ही भरपाई नाहीच, निकषांत याला निविष्ठा अनुदान म्हटले आहे, पुढच्या पेरणीच्या बियाण्या-खताला हातभार. मग पुढाऱ्यांनी प्रत्येक दौऱ्यात ‘नुकसानभरपाई देऊ’ असे का म्हणावे?

त्यातही उसाचा पंचनामा ऑगस्टमध्ये करणे म्हणजे अंदाजपंचे. पाणी पोंग्यात शिरले, वर गाळ बसला, की तो ऊस कुजतो. नुसते बुडखे बुडाले तर वाचतो. बाहेरून आठ दिवस दोन्ही हिरवेच दिसतात. वजनातली घट कळते कारखान्याच्या काट्यावर, हिवाळ्यात.

दर तरी स्थिर असावेत. २०२२ पासून राज्याने स्वतःच्या तिजोरीतून ते वाढवले आणि मर्यादा तीन हेक्टर केली. जिरायतीला १३,६००, बागायतीला २७,०००, बहुवार्षिकला ३६,०००. २०२५ च्या मे अखेरीस शासन निर्णय काढून पुन्हा केंद्राच्या दरांवर आणले. त्याच वर्षी पावसाळ्यात राज्यभर दाणादाण उडाल्यावर ऑक्टोबरात मोठे पॅकेज जाहीर करून तीन हेक्टर परत आणले. म्हणजे एका वर्षी बांध फुटला तर एक दर, दुसऱ्या वर्षी दुसरा. आणि नुकसान किती जिल्ह्यांत झाले यावर तुमच्या वीस गुंठ्यांची किंमत ठरते. एकट्या गगनबावड्याचे नुकसान झाले, तर पॅकेज निघत नाही.

पिकविम्याचा आधार घ्यावा, तर महाराष्ट्रात ऊस त्यात नाही. भात आहे, पण शेतात पाणी साचल्यावर ७२ तासांत कळवून वैयक्तिक भरपाई मागण्याची सोय राज्याने २०२५ च्या खरिपापासून काढून टाकली. केंद्राने त्याच वर्षी नोव्हेंबरात भात पाण्याखाली जाण्याची जोखीम २०२६ च्या खरिपापासून पुन्हा घेण्याचे जाहीर केले.

पंचनाम्याचा कागद कसा फिरतो तेही सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त वैताग इथेच येतो. तलाठी (हल्ली पदनाम ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून संयुक्त पंचनामा करतात. तो तहसीलदारांकडे, तिथून प्रांत, जिल्हाधिकारी, पुण्याचे विभागीय आयुक्त, मग मंत्रालयातला मदत व पुनर्वसन विभाग. तिथून निधीचा शासन निर्णय निघतो. मग याद्या संगणकावर चढतात, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो, आणि सेवा केंद्रात जाऊन आधार प्रमाणीकरण केल्यावर पैसे थेट खात्यात. थेट जमा होण्याने मधले हात कमी झाले, हे मान्यच. पण ज्या पायरीवर अर्ज अडतो ती आता दिसत नाही. सातबारा सामाईक, चार भावांपैकी दोघे मुंबईला, एक वारलेला आणि वारसनोंद बाकी. संमतीपत्राशिवाय रक्कम निघत नाही. म्हातारीच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. हे सगळे ठरावीक आहे, दर वर्षी तेच आहे, आणि मे महिन्यात बसून सोडवता येण्याजोगे आहे.

मे महिन्याचा उल्लेख मुद्दाम केला. पावसाळ्यापूर्वी तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते आणि तालुक्याचा आपत्ती आराखडा अद्ययावत होतो. हा आराखडा गोपनीय नसतो. ग्रामपंचायतीने तो मागून घ्यावा आणि त्यात काही नेमक्या गोष्टी शोधाव्यात. मांडुकलीच्या पुढच्या गावांत जूनच्या पहिल्या आठवड्यात किती महिन्यांचे रेशन पोचेल? प्रसूतीची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये असलेल्या बायकांची यादी आहे का, आणि दोन्ही बाजू बंद झाल्या तर गगनबावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्या वेळी कोण डॉक्टर हजर असेल? बोट आणि जेसीबी नदीच्या अलीकडे आहेत की पलीकडे? टॉवरचे डिझेल कोणी, कुठे साठवायचे? डोंगराच्या पोटातल्या वाड्यांनी किती पावसानंतर घर सोडायचे, आणि जायचे कुठल्या शाळेत? तिथल्या छपराची दुरुस्ती झाली आहे का? माळीणला २०१४ मध्ये, तळीयेला २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडीला २०२३ मध्ये डोंगर खाली आला तो जुलैतच. त्यामुळे डोंगराच्या पोटातल्या वाड्यांचा प्रश्न जूनच्या आत विचारला गेला पाहिजे.

मांडुकलीच्या पुलाजवळ फुटांच्या खुणा असलेली एक पट्टी रंगवायला आणि कितव्या फुटाला कोणी काय करायचे हे ठरवायला शासन निर्णय लागत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि तहसीलदारांची सही पुरते. निकष बदलायचे तर ते दिल्लीत, वित्त आयोगाच्या पाच वर्षांच्या चक्रात बदलतात. २०२२ ते २०२६ च्या निकषांचे चक्र मार्च २०२६ पर्यंतचे. घाटमाथ्याच्या तालुक्यांसाठी ६५ मिलिमीटर, दोन दिवस आणि पंचनाम्याची मुदत ही तीन मापे वेगळी असावीत, अशी मागणी गगनबावड्यापुरती राहिली तर कोणी ऐकणार नाही. पण शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, पलीकडे महाबळेश्वर, पाटण, जावळी, राजगड (पूर्वीचे वेल्हे), मुळशी, सगळ्यांची अडचण तीच आहे, आणि या तालुक्यांचे आमदार एकाच सभागृहात बसतात.